रंगूनहून आणलेला श्वास

दुपारच्या जेवणाचं ताट समोर तसंच होतं, वाढलेलं वरण निवून गेलं होतं, आणि हुकूमचंद शेठजी पाटावर बसल्या बसल्या दोन्ही हातांनी जमीन धरून पुढे वाकले होते. श्वास आत जात होता, पण बाहेर येत नव्हता... गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, ओठ काळेनिळे पडत चालले होते, आणि त्यांच्या पत्नी अंगुरीबाई पंख्याने वारा घालता घालता नुसतं भगवंताचं नाव घेत होत्या. स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या असलेल्या तारामतीला ते बघवेना. विधवा थोरल्या सुनेने सासऱ्यासमोर यायचं नाही, आलीच तर कपाळ झाकून यायचं, ही त्या घरची रीत, पण त्या क्षणी ती रीत, ती मर्यादा, सारं विसरून ती धावली आणि शेठजींच्या पाठीवर तळवा टेकवून म्हणाली, "मामाजी, आत ओढू नका. आधी सोडा. ओठ बारीक करून हळू सोडा, गरम दुधावर फुंकर घालता तशी."

शेठजींनी मान वळवली. हात कोणाचा आहे हे पाहिलं, आणि होतं नव्हतं ते बळ एकवटून तिला मागे ढकललं. तिचा खांदा भिंतीवर आदळला.

"हिले सांग," बायकोकडे पाहत, एकेक शब्द तोडत ते म्हणाले, "मले हात लावायचा नाई. माया पोराले जिनं वाटंत सोडलं, तिचा हात मले नाई पायजे."

पदर सावरून तारामती आत गेली आणि चुलीपुढे बसली. डोळे कोरडेच होते. पण ज्या तळव्याखाली तिला त्या म्हाताऱ्या पाठीची धडधड जाणवली होती, तो तळवा मात्र तिने कितीतरी वेळ मांडीवर तसाच उघडा ठेवला...

रंगूनहून ती एकटी परतली, त्या दिवसापासून शेठजी तिच्याशी थेट शब्द बोलले नव्हते. काही सांगायचं असलं की ते अंगुरीबाईंना सांगत, आणि तारामती दाराआडून ते ऐके. तिने केलेला स्वयंपाक ते जेवत, तिने गाळून उकळलेलं पाणी पीत, तिने धुतलेलं धोतर नेसत. पण ती स्वतः मात्र त्यांच्या लेखी त्या घरात नव्हतीच. ही वर्षं तिने कशी काढली, ते तिचं तिलाच ठाऊक!

वऱ्हाडातल्या कारंज्याबाहेर धनजच्या रस्त्याला शेठजींची जिनिंग होती. तरुणपणी गावोगाव कापूस खरेदी करत फिरलेल्या या माणसाने ती स्वतःच्या हिमतीवर उभी केली होती. दिवाळी झाली की इंझोरीकडच्या, मानोऱ्याकडच्या कापसाच्या गाड्या फाटकाशी रांगेने उभ्या राहत, सरकी काढणारी यंत्रं, रेचे, सुरू होत, सरकी एकीकडे आणि रुई दुसरीकडे पडू लागे, आणि शेठजी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्या घरघराटात उभे राहत. फेट्यावर, मिशीवर, पापण्यांवर रुईचं तूस बसे, आणि ते झटकताना त्यांना केवढा अभिमान वाटे! हे सारं थोरल्या जिनदाससाठी आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

आणि तोच जिनदास लग्नानंतर वर्षाच्या आत जिनिंग सोडून सासऱ्याच्या कापडदुकानात काम करायला रंगूनला निघून गेला. गावाने अर्थ लावला तो सोपा होता... रंगूनात वाढलेल्या बायकोला कारंजं आवडलं नाही, तिनेच नवऱ्याला फितवलं. शेठजींनीही तेच धरलं. पुढे लढाई आली, रंगूनवर बॉम्ब पडले, हजारो माणसं पायी हिंदुस्थानाकडे निघाली, आणि त्यांतून तारामती तेवढी परत आली. जिनदास डोंगरात तापाने गेला, एवढंच तिने सांगितलं. त्यापुढे कोणी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

जे सांगितलं नव्हतं, ते तिने वचन म्हणून उरात जपलं होतं.

जिनदासला जिनिंगमध्ये श्वास घेता येत नसे. पोरवयापासून त्या धुळीत उभा राहून त्याची छाती अधू झाली होती. रंगूनला गेल्यावरही जिना चढताना तो मध्येच थांबे. दुकानाच्या मागच्या अंगणात एक चिनी म्हातारी राहत असे. तिला सगळी गल्ली आपो म्हणे. ती रोज पहाटे अंगणात उभी राहून अगदी संथपणे हात वर नेई, खाली आणी, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेई, जणू पाण्यातच उभी आहे. एके दिवशी तिने खोकणाऱ्या जिनदासला खुणेनेच बोलावलं आणि शेजारी उभं केलं. तारामती दुभाषी झाली, कारण लहानपणापासून त्या गल्लीत वाढल्याने तिला म्हातारीची मोडकीतोडकी बोली कळे. हात वर येताना श्वास नाकाने घ्यायचा, खाली जाताना तोंडाने सोडायचा, घेतल्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. खांदे सैल, गुडघे किंचित मोकळे, आणि मन पोटाशी ठेवायचं. आपोच्या आजोबांच्याही आधीपासून तिच्या मुलखात माणसं हे करत आली होती. जिनदासची छाती काही नवी झाली नाही. पण उरलेल्या श्वासावर न घाबरता जगायला तो शिकला. आणि त्याच्यासोबत रोज उभं राहता राहता तारामतीलाही ते सारं येऊ लागलं.

आता त्याच दुखण्याने बापाला धरलं होतं. गावच्या डॉक्टरांनी सुया दिल्या, गोळ्या दिल्या, आणि छाती जुनी झाली आहे, हे आता जन्माचं आहे, असं सांगून ठेवलं. शेठजींना चार पावलांवरचं मंदिरही दूर झालं. दिवसभर ते ओसरीवर लोडाला टेकून बसत आणि पुढचा श्वास येईल की नाही या भयाने कोणाशी बोलतही नसत. तारामती आतून ते बघे आणि तिचं काळीज तुटे. औषध आपल्या हाती आहे, आणि तेच हात या माणसाला नको आहेत... काय करावं?

तिने अंगुरीबाईंना धरलं. आधी सासूला शिकवलं, पाठ दुखते, गुडघे दुखतात अशी तक्रार ऐकत ऐकत शिकवलं. मग सकाळी मंदिराची घंटा वाजून गेल्यावर एक आगळीच शाळा त्या अंगणात भरू लागली. आत स्वयंपाकघरात तारामती उभी राही, उंबऱ्यावर अंगुरीबाई उभ्या राहत आणि तिच्याकडे चोरून बघत तसे हात हलवत, आणि अंगणात शेठजी बायकोकडे बघून हात हलवत. ओळखीच्या एका बाईने शिकवलं, असं अंगुरीबाईंनी सांगितलं होतं. पाण्यातून ओला पंचा अलगद उचलावा तसे तळवे वर यायचे. तो पुन्हा पाण्यात सोडावा तसे खाली जायचे. दारावरचा पडदा सारावा तसा एक हात चेहऱ्यासमोरून बाजूला जायचा, मग दुसरा.

पहिले काही दिवस शेठजी लवकर थकत, चिडत, बसून घेत. मग हळूहळू ते टिकू लागले. कफ गेला नाही, खोकला गेला नाही. पण श्वास अडकला की पूर्वीसारखी त्यांची तगमग होईना. ओठ बारीक करून ते तो सोडत, थांबत, आणि पुन्हा घेत. पौषात एका सकाळी ते वाटेत एकदाच थांबून मंदिरापर्यंत चालत गेले. ते परत आले तेव्हा अंगुरीबाई स्वयंपाकघरात येऊन सुनेच्या गळ्यात पडून मुकाट्याने रडल्या...

पण असं सुख त्या घरात टिकायचं नव्हतं. एके दिवशी अंगुरीबाईंना कणकण होती. हात कोणता आधी जायचा हे त्या विसरत होत्या, पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होत्या. शेठजींना नवल वाटलं. ते तसेच उंबऱ्यापर्यंत आले आणि त्यांनी आत पाहिलं. चुलीच्या उजेडात, डोळे मिटून, जगाला विसरून, तारामतीचे दोन्ही हात वर चालले होते.

"हे कुठलं हाय, तिले विचार," ते बायकोला म्हणाले.

तारामतीने डोळे उघडले. खोटं बोलणं तिला जमलं नाही. रंगूनात एका चिनी म्हातारीने शिकवलं, असं तिने खाली मान घालून सांगितलं.

शेठजी ओरडले नाहीत. ज्या मुलखाने पोरगा गिळला त्या मुलखाचा श्वास मला नको, एवढंच बोलून ते ओसरीवर जाऊन बसले, आणि त्या दिवसापासून त्यांनी हात हलवणं बंद केलं. महिना उलटायच्या आत ते पुन्हा लोडाला खिळले.

धाकटा फुलचंद आता जिनिंग बघत होता. हा मुलगा सालस, कमी बोलणारा. वहिनी या घरात कशी राहते हे त्याला दिसे, पण बापापुढे त्याचं तोंड उघडत नसे. एकदा त्याची बायको सुंदरबाई कपडे धुता धुता जावेला सहज म्हणाली की बाजाराच्या दिवशी जिनिंग बंद असली की यांना बरं असतं, पण दुसऱ्या दिवशी कामावरून आले की छातीवर कोणी दगड ठेवल्यासारखं होतं.

तारामतीच्या हातातला पिळा तसाच राहिला. हेच! अगदी हेच जिनदास सांगत असे. सुटीच्या दुसऱ्या दिवशी छाती आवळायची, मग आठवडाभरात जरा सैल व्हायची, आणि पुढे पुढे ती सैल व्हायचीच नाही... एकीकडे मरणाऱ्या नवऱ्याला दिलेला शब्द, आणि दुसरीकडे त्याचाच धाकटा भाऊ, ज्याला तिने लग्न होऊन आल्या आल्या कडेवर घेऊन जत्रा दाखवली होती. कोणाचा घात करायचा? शब्द पाळला तर हा जातो. शब्द मोडला तर गेलेला माणूस परका होतो...

ती रोज ठरवत होती आणि रोज मागे सरत होती. शेवटी तिच्याऐवजी शेठजींनीच ते ठरवलं. पुढच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी फुलचंद दिवस मावळायच्या आतच घरी आला आणि खांबाला टेकून उभा राहिला. त्याला धाप लागली होती. लोडावरून शेठजींनी त्याच्याकडे पाहिलं, आणि स्वतःला धड बोलता येत नसताना म्हणाले, "जिनदासचंबी असंच व्हतं. बजाराच्या दिवशी चांगला, अन् कामाचं नाव निघालं का छाती भरे त्याची. कामचोर व्हता तो. तूबी तसाच निंगाला."

स्वयंपाकघराचं दार उघडलं. तारामती बाहेर आली, ओसरीवर आली, सासऱ्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. कपाळावरचा पदर मागे गेला होता आणि तो तिने ओढला नाही.

"मामाजी, ते कामचोर नव्हते," ती म्हणाली. "त्यायची छाती तुमच्या जिनिंगनं खाल्ली. त्यायले तिथं श्वास येत नव्हता, म्हनून ते रंगूनले गेले. मी नाई नेलं त्यायले. ते मले घेऊन गेले."

शेठजी लोड सोडून ताठ बसले.

"तुमाले हे कधी सांगायचं नाई, असं त्यायनं मरताना माया हात धरून सांगतलं व्हतं. बाबानं ते सारं मायासाठी उभं केलं, त्यानंच मी गेलो हे बाबाले समजलं तर बाबा जगनार नाई, असं म्हने ते. म्हनून मी ताप सांगतला. तुमी मले जे म्हनलं ते ऐकून घेतलं. पन आज फुलचंदभाऊजी तसेच उभे हायेत. त्यायचा शब्द मी आज मोडला. आता मले घराबाहेर काढायचं तर काढा, पन यायले त्या धुळीत धाडू नका."

"खोटं," शेठजी म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. त्यांनी आधारासाठी बायकोकडे पाहिलं.

अंगुरीबाई भिंतीला धरून खाली बसल्या होत्या. "खोटं नाई," त्या म्हणाल्या. "तुमी झोपल्यावर मी त्याच्या छातीले तेल लावत व्हती. तो मले बोलू देत नव्हता."

"मंग मले काहून नाई सांगतलं कोनी?"

मग खांबाला टेकलेला फुलचंद, आयुष्यात पहिल्यांदाच बापाच्या डोळ्यांत बघून, हळूच म्हणाला, "बाबा, तुमाले सांगता येत नव्हतं."

त्या संध्याकाळी शेठजींनी अन्नाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी छकडा जुंपायला सांगितला आणि कोणाचं न ऐकता जिनिंगवर गेले. रेचे चालू होते. पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप आत येत होती, आणि त्या तिरिपेत रुईचं तूस दाटीने तरंगत होतं. आयुष्यभर त्यांनी तो उजेड पाहिला होता, आणि त्यात त्यांना नेहमी आपली बरकतच दिसली होती... आज मात्र ते दारात खुर्ची टाकून ऐकत बसले. घरघराटाच्या आत आणखी एक आवाज होता. एका रेच्याशी कोणी खोकलं, मग दुसऱ्या रेच्याशी, मग पलीकडे सरकीच्या ढिगाशी. रुखमाबाई नावाची एक म्हातारी कामकरीण, जी जिनिंग उभी राहिली तेव्हा तरुण होती, तिला त्यांनी जवळ बोलावून छातीचं विचारलं. तिला आधी वाटलं, शेठजी कामावरून काढतात. मग ती म्हणाली की सुटीच्या दुसऱ्या दिवशी लई भरते, मंग सवय होते.

शेठजी घरी आले ते थेट अंगणात बसले. त्यांनी तारामतीला बाहेर बोलावलं, मध्ये कोणालाही न घालता, तिचं नाव घेऊन बोलावलं. आणि एवढ्या वर्षांत ज्या प्रश्नाकडे त्यांनी पाठ फिरवली होती, तो विचारला.

"पोरगा कसा गेला माया? सांग."

तारामती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने सांगितलं. आराकानच्या डोंगरातली चढण, पाण्यावाचून चालणारी माणसं, आधीच्याच मुक्कामावर पटकीने गेलेले तिचे वडील. जिनदास काही पावलं चाले, उभा राही, आपोने शिकवल्याप्रमाणे हात वर नेऊन श्वास गोळा करी, आणि पुन्हा चाले. असा तो एवढा मोठा डोंगर चढला! माथ्याच्या जरा खाली त्याचे पाय थांबले. बरोबरची टोळी थांबायला तयार नव्हती. तू जा, असं तो तिला वारंवार सांगत होता. टोळी पुढे गेली, आणि ती त्याच्याजवळ राहिली. दोघं एका झाडाला टेकून बसले. तो तिला जिनिंगचं सांगत होता, दिवाळीनंतर पहिली गाडी फाटकात आली की बाबा तिला हळदकुंकू कसं लावत, ते सांगत होता. सकाळ होता होता त्याचा श्वास फार संथ झाला, आणि मग पुढचा श्वास आलाच नाही. मागून येणाऱ्या मजुरांनी त्याच्यावर दगड रचले. त्यांच्यातल्याच बायकांनी तिला उठवलं.

"मी त्यायले सोडलं नाई, मामाजी," ती म्हणाली. त्या साऱ्या सांगण्यात तिने स्वतःसाठी बोललेलं हे एकच वाक्य होतं.

शेठजींना हुंदका आला आणि त्याने श्वासच अडवला. ते पुढे वाकले, डोळे विस्फारले. अंगुरीबाई धावल्या. पण तारामती समोर उभी राहिली, तिने नुसते हात खाली आणले, अगदी संथ, आणि शेठजींनी तिच्या हातांकडे बघत ओठ बारीक करून श्वास सोडला. मग घेतला. मग पुन्हा सोडला. आसवं मिशीवरून ओघळत होती आणि ते पुसतही नव्हते.

"रोज शिकव," बोलता येऊ लागल्यावर ते म्हणाले. "समोर उभी राहून शिकव."

त्यानंतर फुलचंद जिनिंगच्या आत गेला नाही. त्याने बाजारात सरकी-ढेपेचं दुकान घातलं. जिनिंग मोडता येत नव्हती, कारण तिच्यावर कितीतरी चुली पेटत होत्या. पण उन्हाळ्यात शेठजींनी पत्रे उचलून वारा जायला मोठी वाट केली, रेच्यांवरच्या बायांना तोंडाला बांधायला धडुती दिली, आणि रुखमाबाईसारख्या छाती गेलेल्यांना बाहेर वजनकाट्यापाशी बसवलं. सकाळी अंगणात आता शेठजींच्या मागे रुखमाबाईही येऊन उभी राही, आणि तिच्याबरोबर आणखी दोघीतिघी. बरं कोणीच झालं नाही, शेठजीही नाहीत. पावसाळ्यात त्यांचा श्वास पुन्हा कमी पडू लागला, आणि आपल्याजवळ फार दिवस उरले नाहीत हे त्यांना कळून चुकलं. पण त्यांचं भय गेलं होतं.

भाद्रपदात अनंत चतुर्दशी झाली, जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस उजाडला. वर्षभरात मनाने, वाणीने, कायेने जे दुखावलं त्याची एकमेकांपुढे हात जोडून क्षमा मागायची, असा तो दिवस. मंदिराच्या मंडपात सगळा समाज जमला होता. शेठजी दर वर्षी सर्वांना हात जोडत, नोकरचाकरांनाही जोडत. फक्त बायकांच्या बाजूला कोपऱ्यात बसलेल्या थोरल्या सुनेपर्यंत ते कधी आले नव्हते. आज ते फुलचंदच्या खांद्यावर हात ठेवून उठले, आणि थांबत थांबत सगळा मंडप ओलांडून तिच्यासमोर येऊन उभे राहिले. लोक बघू लागले.

"तारा," सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "मी तुया अपराधी हाय. माया पोराजोळ तू शेवटपर्यंत बसली, अन् मी तुले वाटंत सोडनारी म्हनलं. मले क्षमा कर."

तारामती गडबडून उठली. तिने हात जोडले. "उत्तम क्षमा, मामाजी... मीबी चुकली. मीबी लई उशीर केला..."

"मामाजी नको म्हनू," शेठजी म्हणाले. "जिनदास मले बाबा म्हने. तू बाबा म्हन."

तो शब्द तिने आराकानच्या डोंगरात आपल्या वडिलांच्या उशाशी शेवटचा उच्चारला होता. तो आता ओठांवर येईना. समोर म्हातारा हात जोडून, श्वास सांभाळत, शांतपणे वाट बघत उभा होता. मग तिने डोळे मिटले, एक दीर्घ श्वास सोडला, आणि म्हणाली, "बाबा."